घारींच्या तळघरात

प्रश्न : बाबा ७८ वर्षांचे आहेत. माहितीपट म्हणजे रटाळ निवेदन, असं त्यांचं मत. घरबसल्या त्यांना काय दाखवू?

उत्तर : शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्स’. २०२२ मध्ये सनडान्स आणि कान या दोन्ही चित्रपट महोत्सवांत गौरवला गेला, २०२३ पासून घरीही बघता येतो. भाषा बहुतांशी हिंदी, त्यामुळे बाबांना सबटायटल्सवर डोळे ताणावे लागणार नाहीत. आणि निवेदकाचं रटाळ निवेदन नाही!

दिल्लीतले नदीम आणि सऊद हे भाऊ आपल्या तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. पतंगाच्या मांजाने कापलेले पंख, पुठ्ठ्याच्या खोक्यात बसलेल्या घारी, बाहेर धुरकट हवा. घार मांस खाते म्हणून पक्ष्यांच्या दवाखान्याने ती घ्यायला नकार दिला, तिथून हे काम सुरू झालं. मला हे फार लागलं. गेल्या संक्रांतीनंतर आमच्या गच्चीवर मांजात अडकलेली घार मी पाहिली होती. तेव्हा नुसती बघतच राहिले.

सुरुवातीला रात्रीच्या मैदानात उंदरांची लांबलचक धावपळ दिसते. बाबा तिथे उठू लागले, तर हात धरून बसवा. आणि मोबाइलवर नको, टीव्हीवरच लावा.