आधी उजवा रकाना झाक

प्रिय विद्यार्थ्या,

तुझ्या वहीचे फोटो पाहिले. रोज ४० इंग्रजी शब्द, समोर मराठी अर्थ, अक्षर नेटकं. आणि पत्रात तुझी तक्रार, की रात्री सगळे येतात आणि आठवड्याने निम्मेही आठवत नाहीत. यात तुझ्या डोक्याचा काही दोष नाही. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःचंच विसरणं मोजलं आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केलं. विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांतच होतो, असं त्याला आढळलं.

चूक आहे ती पुन्हा पुन्हा वाचत बसण्यात. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्याने आठवून लिहिणारे. तुझं ‘रात्री सगळे येतात’ हे त्या पाच मिनिटांसारखंच आहे.

म्हणून उजवा रकाना झाकून टाक आणि अर्थ मोठ्याने सांग. लगेच आठवला नाही तर घाईने कागद सरकवू नकोस, डोक्याला थोडं झगडू दे. चुकलेला शब्द उद्या परत घ्यायचा, बरोबर आलेला तीन दिवसांनी, मग आठवड्याने.

आता मला खरं खटकलं ते. ‘फ्रूगल’ आणि ‘मायझर्ली’ या दोन्हींपुढे तू ‘कंजूष’ लिहिलं आहेस. अरे, माणसाला काटकसरी म्हटलं तर तो सुखावतो, चिक्कू म्हटलं तर दुखावतो! ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी. ‘कँडिड’ आणि ‘ब्लंट’चंही तेच: एक मनमोकळा, दुसरा फटकळ. परीक्षेत गाळलेल्या जागेचे पर्याय बरेचदा असेच सख्खे शेजारी असतात, आणि वाक्याचा सूर कौतुकाचा आहे की टीकेचा, यावर उत्तर ठरतं. या छटा मराठीत तुला कुणी शिकवाव्या लागल्या नाहीत. तेच कान इथे वापर. ‘चांगला’, ‘वाईट’, ‘खूप’ असे ढोबळ अर्थ खोडून नेमका मराठी शब्द सापडेपर्यंत थांब. शब्दाला किती वेळ लागला याची फिकीर करू नकोस. आणि शेजारी शब्दकोशातलं एक वाक्य उतरवून घे.

लॅटिन धातूंचा उपयोग होतो. ‘स्पेक्ट’ म्हणजे पाहणे, हे कळलं की ‘इन्स्पेक्ट’, ‘रेट्रोस्पेक्ट’, ‘सर्कमस्पेक्ट’ एका माळेत येतात. ‘सर्कमस्पेक्ट’ म्हणजे चोहीकडे पाहणारा, म्हणून सावध. पण नुसत्या आवाजावर विसंबू नकोस. ‘एनर्व्हेट’ ऐकून ‘एनर्जी’ आठवते, अर्थ मात्र उलटा: शक्ती काढून घेणे.

या आठवड्यात नवा एकही शब्द लिहू नकोस. परीक्षा जवळ आल्यावर हे जड जाईल, ठाऊक आहे मला. वहीतले जुने झाकून विचार स्वतःला, आणि रविवारी मला फक्त चुकलेल्यांची यादी पाठव. त्यातल्या जोड्या आपण एकत्र बसून सोडवू.

तुझा,
सर