आधी भिंतीचं वजन काढ

कोल्हापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम आशीर्वाद.

विद्यापीठातल्या एम.एस्सी. प्रकल्पाला तुला डोमेन वॉलच हव्यात, म्हणजे विश्वाच्या दोन वेगळ्या अवस्थांच्या सीमेवरच्या ऊर्जेच्या पातळ भिंती, हे पत्रातून कळलं. विषय घेच. पण विश्वात द्रव्यच का उरलं, प्रतिद्रव्य का नाही, हे कोडं त्यानं सुटतं, असं लिहिण्याआधी भिंतीचं वजन काढ.

द्रव्य जास्त उरायला काय काय लागतं, त्याच्या साखारोव्ह यांच्या १९६७ च्या तीन अटी तुला पाठ आहेत, त्यावर थांबत नाही. तू धरलेला धागा टी. डी. ली यांच्या १९७३ च्या कल्पनेचा आहे: सीपी सममिती (द्रव्य आणि त्याचं आरशातलं प्रतिद्रव्य यांना एकच नियम) मूळ नियमांत शाबूत असेल आणि विश्व थंड होताना आपोआप मोडली असेल. पण कुठल्या बाजूला? शिवारात दोघा भावांनी एकमेकांना न विचारता पीक ठरवलं, एकानं ऊस, दुसऱ्यानं सोयाबीन, की मध्ये बांध येतोच. ज्यांच्यात प्रकाशही पोचला नव्हता, अशा प्रदेशांचं तसंच होणार. इकडं द्रव्य उरलं, तिकडं प्रतिद्रव्य, मध्ये भिंत. फार देखणी कल्पना आहे.

आता हिशेब. विश्व दुपटीनं ताणलं की द्रव्याची घनता आठव्या हिश्शावर येते, प्रारणाची सोळाव्या. ताणल्या जाणाऱ्या भिंतींची मात्र निम्मीच होते! म्हणजे उशिरा का होईना, भिंतीच वरचढ ठरणार. झेल्डोविच, कोबझारेव्ह आणि ओकुन यांनी १९७४ मध्ये हा धोका दाखवला. बरं, भिंत विरली म्हण. मग द्रव्य-प्रतिद्रव्य थेट भिडून एकमेकांना संपवतील आणि गॅमा किरण दिसायला हवेत. तेवढे दिसत नाहीत. कोहेन, डी रुहुला आणि ग्लॅशो यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की असे प्रदेश असलेच तर जवळजवळ दृश्य विश्वाएवढे हवेत.

म्हणून मला तिसरी वाट खरी वाटते. दोन्ही बाजूंच्या ऊर्जेत किंचित फरक ठेव. जास्त ऊर्जेची बाजू आकसत जाते, भिंत सरकते आणि सरकताना आसपासचा समतोल मोडते. साखारोव्ह यांची तिसरी अट तिथंच पुरी होते. शेवटी दर १६० कोटी फोटॉनमागं एक बॅरिऑन, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनसारखा द्रव्यकण, उरला पाहिजे. फरक फार कमी ठेवलास तर भिंती वेळेत मरत नाहीत. फार जास्त ठेवलास तर एकच बाजू सगळीकडं पसरते, जाळं उभंच राहत नाही.

कॉम्प्युटर उघडू नकोस, वही घे. आजवर टिकलेल्या भिंतीची ऊर्जापातळी साधारण १ एमईव्हीच्या (दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या) वर जाऊ शकत नाही. हा आकडा स्वतः काढून रविवारी घरी ये. फरकाचं गणित मग दोघं बसून मांडू.