मूळव्याधीचं ऑपरेशन, घरातला कापूस आणि मुलीची ठेव

दारव्हा तालुक्यातल्या एका शेतकरी भावाचं पत्र आलं आहे. वय ४६, पाच एकर कोरडवाहू. मूळव्याधीतून वर्षभर रक्त जात होतं, लाजेपायी घरातही सांगितलं नाही. आता हिमोग्लोबिन ९ वर आलं आणि डॉक्टरांनी तिसरी ग्रेड (चार पायऱ्यांपैकी तिसरी) सांगून ऑपरेशन सुचवलं. नागपूरच्या एका खासगी दवाखान्यानं लेझरचे ८५,००० रुपये सांगितले. घरात १५ क्विंटल कापूस पडून आहे, खेडा खरेदीवाला ६,८०० चा भाव देतो. बँकेत मुलीच्या नर्सिंग प्रवेशासाठी १ लाखाची ठेव आहे. गावातला एक जण महिना शेकडा तीननं पैसे द्यायला तयार आहे. त्यांचा प्रश्न असा: "कापूस विकू, एफडी मोडू, का व्याजानं काढू? नाहीतर सारं पुढच्या सालावर टाकू?"

भाऊ, पुढच्या सालावर टाकू नका. हिमोग्लोबिन ९ असलेल्या माणसाला मे महिन्याच्या उन्हात वखरणीमागं चालवत नाही, आणि मृग लागल्यावर तर तुम्हाला घरात बसवणारं कोणी नाही. वेचणी उरकली आहे, पेरणीला अजून चार महिने आहेत. तुमच्या वर्षात आजारी पडायला परवडेल असा काळ हाच. उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते, अंगातलं पाणी कमी पडतं, शौचाला खडा होतो, आणि ताज्या जखमेला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास. म्हणून फेब्रुवारी धरा.

मात्र ८५,००० देऊ नका. तुमचं रेशन कार्ड केशरी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात तपासण्या, ऑपरेशन, रुग्णाचं जेवण आणि सुट्टीनंतरची काही दिवसांची औषधं पॅकेजातच येतात. यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय मेडिकल तुम्हाला जवळ आहे, सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय थोडं लांब, पण तुमच्या मेहुण्याचं घर वर्ध्यात आहे म्हणून तेही विचारात घ्या. काही ऑपरेशनं योजनेतून फक्त सरकारी दवाखान्यातच होतात, त्यामुळे भरती होण्याआधी दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलावर जाऊन तुमच्या ऑपरेशनचं नाव सांगा आणि इथं बसतं का ते विचारून घ्या. जाण्याआधी योजनेच्या १५५३८८ या क्रमांकावर फोन केला तर एक चक्कर वाचेल. रेशन कार्ड, आधार आणि आधीचे सगळे कागद सोबत ठेवा. कार्डावर नावाची स्पेलिंग आधारशी जुळत नसेल तर ती आजच दुरुस्तीला टाका. भरती होण्याच्या दिवशी मंजुरी याच कारणानं अडकते.

लेझर, स्टेपलर, की साधं उघडं ऑपरेशन, हे डॉक्टर ठरवतील, मी नाही. एवढं मात्र सांगतो की तिसऱ्या-चौथ्या ग्रेडसाठी साधं ऑपरेशन आजही पक्कं मानलं जातं. दुखतं जास्त, भरायला वेळ लागतो, पण पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण कमी. स्टेपलरनं माणूस लवकर उठतो, मात्र पुन्हा होण्याची शक्यता थोडी अधिक राहते. म्हणजे जास्त पैशाचं ते जास्त टिकाऊ, असा हिशोब इथं चालत नाही. डॉक्टरांना दोन गोष्टी जरूर विचारा: ऑपरेशनआधी रक्त वाढवावं लागेल का, आणि या वयात रक्त जातंय म्हणून आतून दुर्बिणीनं तपासायला हवं का. सगळंच रक्त मूळव्याधीचं असतं असं नाही, आणि ही तपासणी वाचवून पैसे वाचत नाहीत.

बाजाराच्या दिवशी बसणाऱ्या त्या गॅरंटीवाल्याच्या ६,००० च्या इंजेक्शनबद्दलही तुम्ही लिहिलंय. तिकडे फिरकू नका. अशा औषधांनी जागा जळून आकसते, पू होतो, आणि मग जे ऑपरेशन करावं लागतं ते आजच्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. आरोग्य विमा आत्ता काढून काही होणार नाही, बहुतेक पॉलिसींत मूळव्याधीला दोन वर्षं थांबावं लागतं. दवाखान्यातल्या बाईंनी सांगितलेला १२ महिन्यांचा हप्ताही तुमच्यासाठी नाही. हप्ता दर महिन्याला कापला जातो, तुमच्या घरात पैसा वर्षातून दोनदा येतो. एक हप्ता चुकला की दंड सुरू.

आता खरा खर्च पाहू. ऑपरेशन योजनेत झालं तरी खिशातून पैसे जातातच, आणि ते कोणी आधी मोजत नाही. तूर सोंगायची आहे, तुमच्या जागी गडी लावावा लागेल. तुम्ही लिहिलेली रोजी ४००, तर १५ दिवसांचे ६,०००. वहिनी सोबत राहतील, त्यांची मजुरी दहा दिवस बुडेल, २,५०० धरा. जाणं-येणं, त्यांचं जेवण, पुढच्या दोन तपासण्या मिळून ४,०००. (एसटीत वहिनींना अर्धं तिकीट आहे.) वरची औषधं, इसबगोल, कोमट पाण्यात बसायचं टब, शौचासाठी खुर्ची, यांना ३,५०० लागतील. आणि ५,००० वेगळे बांधून ठेवा, त्यांना हात लावायचा नाही. हे झाले २१,०००. आपण २५,००० धरू.

ते ५,००० कशासाठी, हे नीट समजून घ्या. या ऑपरेशननंतर आठव्या ते चौदाव्या दिवसात क्वचित एखाद्याला अचानक जोरात रक्त जातं. नेमका तेव्हाच माणसाला बरं वाटायला लागलेलं असतं, आणि तो बैलगाडीवर किंवा मोटरसायकलवर बसून शेतात जातो. रक्त जोरात गेलं, ताप आला किंवा लघवी अडली, तर रात्र काढायची नाही, १०८ ला फोन करायचा. गाडी फुकट आहे, पण पुढे लागणारा खर्च हातात असलेला बरा. तीन-चार आठवडे पोतं उचलणं बंद. साधं ऑपरेशन झालं तर जखम पुरती भरायला सहा आठवडेही लागू शकतात. म्हणून गड्याचे पैसे कमी करू नका, १५ दिवसांनंतरही जड काम त्यालाच द्या.

हे २५,००० आणायचे कुठून? ठेव मोडू नका, ठेवीवर कर्ज घ्या. बँक ठेवीच्या व्याजापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त घेते, ठेव तशीच वाढत राहते. ९ टक्के धरले तरी तीन महिन्यांचं व्याज साडेपाचशे-सहाशे रुपये होतं. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के. ८५,००० त्या दरानं घेतले असते तर महिन्याला २,५५० फक्त व्याजाचे, आणि पुढचा कापूस येईपर्यंत पंचवीस हजारांवर नुसतं व्याज. त्या माणसाला नाही म्हणून सांगा.

कापूस खेड्यात देऊ नका. २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० आहे आणि हमीभावानं कापूस घेणाऱ्या सीसीआयकडे (भारतीय कापूस महामंडळ) तुमची नोंदणी झालेली आहे. प्रत पाहून क्विंटलमागं हजारच रुपये जास्त मिळाले तरी १५,००० होतात, गड्याची रोजी आणि वहिनींची बुडालेली मजुरी त्यातून निघून वर उरतं. पूर्ण भावासाठी ओलावा ८ टक्क्यांच्या आत लागतो, तर दोन दिवस ऊन देऊन न्या. आणि कापूस नेण्याचा स्लॉट (ठरवून दिलेली तारीख) ऑपरेशनच्या आधीचा घ्या. नंतरचा मिळाला तर गाडी भरायला भावाला पाठवा, तुम्ही जाऊ नका.

पत्रात शेवटी ओझरतं लिहिलंय की शौचालय बांधलेलं आहे पण त्यात पऱ्हाट्या आणि जुनी पोती भरली आहेत, तुम्ही धुऱ्याकडे जाता. भरती होण्याआधी ते रिकामं करा, खुर्ची ठेवा, पाण्याची टाकी भरून ठेवा. त्या जखमेनं उकिडवं बसणं होत नाही, आणि पहाटे अंधारात अर्धा किलोमीटर चालणं तर नाहीच. पाणी भरपूर, ज्वारीची भाकर, पालेभाजी, ताक. ठेचा काही दिवस ताटात नको.

कापसाचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतील. त्यातून आधी सोसायटीचं पीककर्ज मुदतीच्या आत भरा, नाहीतर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची व्याजसवलत हातची जाईल. नंतर ठेवीवरचं कर्ज फेडा, म्हणजे जूनमध्ये मुलीचे पैसे मोकळे होतील. या सगळ्यात वहिनींना सोबत घेऊन बसा आणि बँकेचं पासबुक त्यांच्याकडे द्या, कारण भरती असताना पैसे त्याच काढणार आहेत.