नवशिक्या डीजेने पहिले साधन कोणते घ्यावे आणि शिकायला सुरुवात कोठून करावी?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. घरात लॅपटॉप आहे, तर डीजेचे काम शिकण्यासाठी आधी काय विकत घ्यावे. चार चॅनलचा (चॅनल म्हणजे एका गाण्याची स्वतंत्र वाट) मोठा कंट्रोलर, म्हणजे लॅपटॉपमधील डीजे सॉफ्टवेअर हाताने चालवायचे उपकरण, घ्यावा की थेट टर्नटेबलपासून, म्हणजे रेकॉर्ड वाजवणाऱ्या यंत्रापासून, सुरुवात करावी. आणि दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारे सिंकचे बटण वापरणे म्हणजे फसवणूक, असे म्हणणाऱ्या मित्रांचे ऐकावे का. मी हे काम बरीच वर्षे करतो आणि नव्याने येणाऱ्यांना शिकवतोही. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की सुरुवातीच्या प्रत्येक खरेदीपूर्वी स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या वस्तूमुळे मला अधिक नीट ऐकू येणार आहे का? ज्या वस्तूबाबत उत्तर ‘हो’ असेल ती आधी घ्यावी. बाकीच्यांना घाई नाही.

डीजे एका वेळी दोन गाणी ऐकत असतो. एक समोरच्या लोकांना ऐकू येत असते आणि दुसरे, पुढे येणारे, फक्त त्याच्या हेडफोनमध्ये वाजत असते. या दुसऱ्या गाण्याच्या ऐकण्याला क्यू म्हणतात, आणि जवळजवळ सगळे कौशल्य त्यावर उभे आहे. साध्या लॅपटॉपमधून आवाजाची एकच वाट बाहेर पडते, त्यामुळे दोन गाणी अशी वेगळी ऐकता येत नाहीत. म्हणून पहिली खरेदी म्हणजे दोन चॅनलचा असा कंट्रोलर, ज्यात साउंड कार्ड अंगभूत आहे आणि ज्यावर स्पीकरसाठी व हेडफोनसाठी वेगवेगळी जोडणी आहे. काही अगदी लहान कंट्रोलरमध्ये साउंड कार्ड नसते. त्यांच्यासोबत आवाज दोन भागांत विभागणारी केबल येते आणि तिच्यामुळे दोन्ही बाजूंना मोनो आवाज मिळतो. तेवढ्यावर भागते खरे, पण शिकणाऱ्याने शक्यतो ते टाळावे.

कंट्रोलर पाहताना प्रत्येक चॅनलला स्वतंत्र गेन (गाण्याचा मूळ जोर ठरवणारे बटण), बेस-मिड-हाय असे तीन पट्ट्यांचे ईक्यू (खालचे, मधले व वरचे स्वर कमीजास्त करणारी बटणे) आणि क्यूचे बटण आहे ना, हे तपासा. जॉग व्हील, म्हणजे गाणे किंचित पुढे-मागे करणारी गोल चकती, बोटांनी अलगद ढकलता आले पाहिजे आणि पिच फेडर, म्हणजे गाण्याचा वेग बदलणारी सरकपट्टी, फार आखूड नसावा, कारण आखूड फेडरवर वेगात बारीक फरक करणे अवघड जाते. पायोनियर डीजेचा डीडीजे-एफएलएक्स४ या अपेक्षा पूर्ण करतो. हर्क्युलिसच्या इन्पल्स मालिकेतील काही कंट्रोलरवर ठेका जुळवताना कोणत्या दिशेने दुरुस्ती करायची हे दाखवणारे दिवे आहेत. सुरुवातीला कानाने घेतलेला निर्णय पडताळून पाहण्यासाठी ते उपयोगी पडतात. जुना कंट्रोलर घेत असाल तर फेडर सरकवताना खरखर येते का, यूएसबीची जोडणी सैल झाली आहे का आणि ते मॉडेल आजच्या सॉफ्टवेअरवर चालते का, हे घेण्यापूर्वीच पाहा. चार चॅनलचा विचार सध्या बाजूला ठेवा. दोन गाणी सहज सांभाळता येईपर्यंत तिसरा आणि चौथा चॅनल रिकामाच राहतो.

टर्नटेबलबद्दल माझ्या मनात मोठा आदर आहे. टेक्निक्सचे एसएल-१२०० हे डायरेक्ट ड्राइव्ह (मोटरने थेट तबकडी फिरवणारे) टर्नटेबल १९७२ मध्ये आले आणि १९७९ च्या एमके२ आवृत्तीत सरकणारा पिच फेडर मिळाल्यावर ते डीजेंचे प्रमाण साधन झाले. २०१० मध्ये थांबलेले त्याचे उत्पादन २०१६ मध्ये पुन्हा सुरू झाले, यावरूनही त्याची मागणी लक्षात येते. आपल्याला मुख्यतः स्क्रॅचिंग, म्हणजे रेकॉर्ड हाताने मागेपुढे करून आवाज काढणे, शिकायचे असेल, तर हाताखाली फिरणाऱ्या तबकडीला पर्याय नाही आणि मग तो खर्च सार्थकी लागतो. पण गाण्याला गाणे जोडत एक सलग सेट वाजवायचा असेल, तर दोन टर्नटेबल, मिक्सर, सुया आणि रेकॉर्डचा संग्रह एवढे सगळे जमवण्यातच शिकण्याचा उत्साह खर्च होतो. क्लबमध्ये आज सहसा सीडीजे प्रकारचे, म्हणजे यूएसबी ड्राइव्हवरील गाणी वाजवणारे, प्लेअर असतात. त्यांच्यावरील प्ले, क्यू (येथे गाणे ठरलेल्या जागी आणणारे बटण), जॉग व्हील आणि पिच फेडर यांची मांडणी कंट्रोलरसारखीच असते, त्यामुळे घरी बसलेले हाताचे वळण तेथेही कामी येते.

आता हेडफोन. कंट्रोलरवर थोडी काटकसर करून तो पैसा येथे घालावा, असे मी प्रत्येकाला सांगतो. हेडफोन बंद पाठीचे असावेत, म्हणजे बाहेरचा गोंगाट आत कमी येतो, आणि एक कान सहज मोकळा करता यावा. सेनहायझरचे एचडी २५ हे मॉडेल १९८८ पासून टिकून आहे, कारण ते हलके आहे आणि त्याचे सुटे भाग बदलता येतात. तारेचेच हेडफोन घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज थोडा उशिरा पोहोचतो आणि या कामात तो उशीर परवडत नाही. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० ठोक्यांच्या) गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंदांचे अंतर असते. आवाज १५० मिलिसेकंद उशिरा आला, तर जवळजवळ एक तृतीयांश ठोका चुकलाच. ब्लूटूथ स्पीकरलाही हेच लागू आहे. स्पीकर नंतर घेतले तरी चालते, कारण बहुतेक कंट्रोलरवर क्यू आणि मास्टर (लोकांना ऐकू येणारा आवाज) हेडफोनमध्ये एकत्र ऐकण्याची सोय असते.

कानांविषयी एक गोष्ट येथेच सांगतो, कारण ती नंतर सांगून उपयोग नसतो. अमेरिकेतील एनआयओएसएच या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत ऐकावा आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे उरतात, आणि क्लबमधील आवाज तेथवर सहज जातो. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. सरावात आवाज कमी ठेवा आणि संगीतासाठी बनवलेले इअरप्लग लवकरच घ्या.

सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्डबॉक्स, सेराटो, ट्रॅक्टर आणि व्हर्च्युअल डीजे ही प्रमुख नावे आहेत. ‘मिक्स’ नावाचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर (त्याच्या इंग्रजी नावात शेवटी तीन एक्स येतात) पूर्णपणे विनामूल्य आहे. कंट्रोलरसोबत जे मिळेल ते घ्या आणि किमान वर्षभर तेच ठेवा. आवाज तुटत असेल तर सेटिंगमध्ये बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्यापूर्वी साठवण्याची जागा, थोडा वाढवा. ४४,१०० हर्ट्झला २५६ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण ६ मिलिसेकंद, आणि इतका उशीर हाताला जाणवत नाही.

शिकण्याची सुरुवात ठेका जुळवण्यापासून करा, म्हणजेच बीटमॅचिंगपासून. दोन्ही डेकवर (कंट्रोलरच्या गाणे वाजवणाऱ्या दोन्ही बाजूंवर) एकच गाणे घ्या, असे गाणे ज्याचा ठेका स्वच्छ आणि एकसारखा आहे. एका डेकचा वेग थोडा बदला, पडद्यावरील बीपीएमचा आकडा आणि तरंगांची चित्रे कागदाने झाका, आणि फक्त ऐकून दोन्ही एकत्र आणा. ठोके जवळ आले पण जुळले नाहीत, की एकाऐवजी दोन ठोके पाठोपाठ पडल्यासारखे ऐकू येतात. त्यातला क्यूमधला ठोका आधी पडतो की नंतर, एवढेच ओळखायचे असते. आधी पडत असेल तर जॉग व्हील किंचित मागे ओढा आणि पिच थोडा कमी करा. नंतर पडत असेल तर उलट करा. पहिले काही दिवस काहीच कळत नाही. मग एके दिवशी तो फरक ऐकू येऊ लागतो आणि नंतर तो ऐकू न येणे शक्य नसते. एकाच गाण्याच्या दोन प्रती घेऊन काम करण्याला या कलेत मोठी परंपरा आहे: डीजे कूल हर्क यांनी १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती आलटून पालटून वाजवत तालवाद्यांचा तुकडा लांबवला, आणि हिप-हॉपची सुरुवात तेथून मानली जाते.

आता सिंकचा प्रश्न. ती फसवणूक आहे असे मला वाटत नाही. आपले लक्ष गाण्यांच्या निवडीकडे आणि मिश्रणाकडे राहावे म्हणून अनेक अनुभवी डीजे सिंक वापरतात. मात्र सिंक गाणे ऐकत नाही; सॉफ्टवेअरने गाण्यावर आखलेल्या बीटग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या खुणांवर, ते विसंबते. माणसाने वाजवलेल्या ड्रमचा वेग गाण्यात किंचित कमीजास्त होतो, म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांवर ही आखणी पुष्कळदा घसरते. कधी ८७ बीपीएमचे गाणे १७४ चे म्हणून नोंदवले जाते. अशा वेळी पडदा सगळे ठीक असल्याचे दाखवतो आणि सभागृहात मात्र ठेका फाटलेला असतो. कान तयार असलेला डीजे ते दोन सेकंदांत सावरतो. म्हणून आधी सिंकशिवाय शिका आणि नंतर ते निःसंकोच वापरा.

ठोके जुळले म्हणजे मिश्रण झाले, असा समज मात्र होऊ देऊ नका. नवशिक्यांचे मिश्रण खटकते ते बहुधा ठोके चुकल्यामुळे नव्हे, तर गाण्याची वाक्ये चुकीच्या ठिकाणी जोडल्यामुळे. नृत्यसंगीतात चार ठोक्यांचा एक बार आणि सहसा आठ बारची एक फ्रेज असते, म्हणजे ३२ ठोके. १२८ बीपीएमला ही फ्रेज बरोबर १५ सेकंदांची होते. फ्रेजच्या पहिल्या ठोक्यावर काहीतरी बदलते: गायन सुरू होते, बेस येतो किंवा झांज वाजते. तबल्याच्या साथीत श्रोता जशी समेची वाट पाहतो, तशी नाचणारी माणसेही नकळत या ठोक्याची वाट पाहत असतात. नवे गाणे त्या जागेवर सुरू केले, तर दोन्ही गाण्यांतील बदल एकाच क्षणी घडतात आणि जोड कळत नाही. मधेच सुरू केले, तर ठेका बिनचूक असूनही काहीतरी अडखळते. सिंक हे काम आपल्यासाठी करत नाही. दिवसभरात कोणतेही गाणे ऐकताना मनात ३२ पर्यंत मोजत राहा. या सरावाला कोणतेही उपकरण लागत नाही आणि माझ्या मते दुसरा कोणताही सराव इतके फळ देत नाही.

त्यानंतर ईक्यू आणि गेन. दोन गाण्यांचे बेस एकत्र वाजले की आवाज जड आणि गढूळ होतो. म्हणून नवे गाणे बेस खाली ठेवून आत आणावे आणि फ्रेजच्या वळणावर जुन्याचा बेस कमी करत नव्याचा वर आणावा. ईक्यूने वाढवण्यापेक्षा कमी करण्याची सवय लावा. गेन असा ठेवा की मीटर लाल रंगात जाणार नाही, कारण तेथे गेलेला आवाज कापला जातो आणि पुढचा कोणताही स्पीकर तो दुरुस्त करू शकत नाही. दोन गाणी वेगवेगळ्या जोराने ध्वनिमुद्रित झालेली असू शकतात. तो फरक फेडरने नव्हे, गेनने भरून काढायचा असतो.

स्वरांच्या जुळणीसाठी, म्हणजे हार्मोनिक मिक्सिंगसाठी, कॅमेलॉट चक्राचे, म्हणजे गाण्यांच्या स्वरपट्ट्या दाखवणाऱ्या वर्तुळाचे, १ ते १२ आकडे मदत करतात. शेजारचे आकडे सहसा एकत्र गोड लागतात. वेग सुमारे ६ टक्के बदलला की स्वर एका अर्धस्वराने सरकतो, त्यामुळे की लॉक (वेग बदलला तरी स्वर तोच ठेवणारी सोय) बंद असताना ते आकडे जसेच्या तसे खरे राहत नाहीत, एवढे ध्यानात असू द्या. या आकड्यांच्या फार आहारी मात्र जाऊ नका.

संगीताचा साठा लहान ठेवा. हजारो गाणी उतरवून ठेवणाऱ्यापेक्षा पन्नास गाणी आतून-बाहेरून माहीत असणारा शिकाऊ डीजे लवकर पुढे जातो, हे मी वारंवार पाहिले आहे. प्रत्येक गाण्यात बेस कोठे येतो, गायन कोठे थांबते, शेवटचे किती बार रिकामे आहेत, हे ठाऊक असले पाहिजे. हॉट क्यूच्या, म्हणजे बटण दाबताच गाणे जेथे पोहोचते त्या जागांच्या, खुणा त्याच ठिकाणी करा. फाइल ३२० केबीपीएसची एमपी३ किंवा त्याहून चांगली असावी. कमी दर्जाची फाइल मोठ्या स्वरूपात बदलून तिचा दर्जा वाढत नाही, आणि मोठ्या स्पीकरवर ते लगेच उघडे पडते. गाणी विकत घेऊन स्वतःजवळ ठेवा. स्ट्रीमिंगवर विसंबले तर इंटरनेट गेल्यावर हात बांधले जातात, शिवाय अनेक सॉफ्टवेअर अशा गाण्यांचा सेट ध्वनिमुद्रित करू देत नाहीत.

आणि ध्वनिमुद्रण तर करायलाच हवे. आठवड्यातून एकदा अर्ध्या तासाचा सेट न थांबता वाजवा, चूक झाली तरी पुढे जा, आणि दुसऱ्या दिवशी पडद्याकडे न पाहता तो ऐका. वाजवताना जी जोडणी साधली असे वाटले होते ती कधी कधी घाईची निघते, आणि जिची लाज वाटली होती ती कानाला जाणवतही नाही. तीन-चार महिने नियमित सराव झाला, की ओळखीच्या लोकांसमोर वाजवायला हरकत नाही. तेथे जाताना दोन यूएसबी ड्राइव्हवर तीच गाणी ठेवा आणि ते एफएटी३२ स्वरूपात असू द्या, कारण जुने प्लेअरही ते वाचतात. लॅपटॉप वापरणार असाल तर सूचना, अपडेट आणि स्लीप बंद करा, तेथील मिक्सरला आरसीए जोडणी आहे की एक्सएलआर हे आधी विचारून त्यानुसार केबल घ्या, आणि लोक येण्यापूर्वी एक गाणे लावून खोलीच्या चारही कोपऱ्यांत फिरून ऐका.