रत्नागिरीत काजू कारखान्याची पत्र्याची शेड दर पावसाळ्यात गळते. सगळे पत्रे बदलावे लागतील का?

बहुधा नाही, आधी स्क्रू आणि वॉशर बदला. शेडची कामं करताना गळती बहुतेक तिथेच सापडते. खाऱ्या हवेने स्क्रूचं डोकं गंजतं, रबरी वॉशर उन्हाने कडक होऊन चिरतो आणि पाणी स्क्रूवरून आत उतरतं. वरून डांबर फासणं म्हणजे पैसे पाण्यात. पुढच्या उन्हाळ्यात ते तडकतंच. जुन्या भोकात थोडा जाड, गंजरोधक स्क्रू ईपीडीएम (ऊन-पावसात टिकणारं रबर) वॉशरसह बसवा. वॉशर जेमतेम दबेल इतकंच आवळा. कडेने फुगला तर जास्त झालं. पत्र्यांच्या जोडांत ब्यूटाइल टेप (पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी) घाला, पन्हळीतला पाचोळा काढा. हे सगळं मे संपायच्या आत. मात्र स्क्रूड्रायव्हरने टोचल्यावर पत्राच आरपार जात असेल, तर तेवढे पत्रे बदलावेच लागतील.