आकडा कुठे उभं राहून मोजला? : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात नगरपरिषदेच्या बजेटवर लिहिलं तेव्हापासून प्रश्न येतायत आणि बहुतेकांचं म्हणणं एकच, की नगरपरिषद आपलं काम नीट होतंय का नाही हे स्वतः तरी बघते का, आणि बघत असेल तर ते आम्हाला का कळत नाही. मी पाणीपुरवठा विभागात बावीस वर्षं काढली, आता रिटायर्ड आहे, त्यामुळे टेबलाच्या त्या बाजूचं पण माहितीये आणि आता नळाच्या ह्या बाजूला उभा आहे. निवडक पाच प्रश्न घेतलेत. गावांची नावं मुद्दाम काढलीयत.

प्रश्न : ॲपवर नाली तुंबल्याची तक्रार टाकली. तिसऱ्या दिवशी 'निकाली काढण्यात आली' असा मेसेज आला, सोबत फोटो, आणि फोटो चक्क दुसऱ्याच गल्लीचा! परत तक्रार केली तर नवीन टोकन नंबर. मग ह्यांच्या रिपोर्टमध्ये माझी तक्रार सुटली म्हणूनच धरणार का? (एक वाचक, मराठवाडा)

हो, धरणार. आणि दुसरं टोकन पण असंच बंद झालं तर दोन तक्रारी सोडवल्या म्हणून धरणार, म्हणजे नाली तीच, घाण तीच आणि कागदावर काम डबल.

हे का होतं ते सांगतो. २००८ मध्ये केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने शहरांसाठी सेवांचे मापदंड ठरवून दिले, पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं अशा चार सेवा आणि त्यांचे मिळून २८ निर्देशक. त्यात तक्रारींचा पण एक आहे, की आलेल्या तक्रारींपैकी निदान ८० टक्के २४ तासांत सुटल्या पाहिजेत. पुढे तेराव्या वित्त आयोगाने अनुदानाचा काही भाग ह्या मापदंडांशी जोडला, म्हणजे दरवर्षी ३१ मार्चच्या आत पुढच्या वर्षीचं टार्गेट राजपत्रात जाहीर करायचं. हेतू चांगलाच होता, त्याच्या आधी तर कोणी काही मोजतच नव्हतं. पण मुकादमाकडे माणसं चार, नाली मोकळी करायचं जेटिंग मशीन सगळ्या गावात मिळून एक, ते पण निम्मा महिना गॅरेजला, आणि वरून फोन येतो की पेंडिंग किती दिसतंय बघा जरा. मग नाली मोकळी करण्यापेक्षा टोकन बंद करणं सोपं पडतं. मी माणसांना दोष देत नाहीये, त्यातली कितीतरी माणसं भर पावसात चेंबरमध्ये उतरलेली मी डोळ्यांनी बघितलीयत. मोजायची पद्धत अशी आहे की ती बंद केलेलं टोकन बघते, वाहणारी नाली बघत नाही.

तुम्ही एक करा. ॲपमध्ये 'रीओपन' असेल तर तेच वापरा, नवीन तक्रार टाकू नका. रीओपन नसेलच तर मजकुरात पहिल्याच ओळीत लिहा, 'टोकन क्रमांक अमुक न सोडवता बंद केले, त्याचीच पुन्हा तक्रार'. फोटोत हलणार नाही अशी खूण येऊ द्या, विजेचा खांब, दुकानाची पाटी, काहीही. आणि महिन्याने लेखी विचारा की आमच्या प्रभागात एकाच जागेच्या दोनदा किंवा जास्त वेळा आलेल्या तक्रारी किती. हा आकडा कुठल्याच रिपोर्टात नसतो पण रजिस्टरमधून निघतो. मुंबईत प्रजा फाउंडेशन हेच वर्षानुवर्षं करतंय, महापालिकेकडूनच आरटीआयखाली तक्रारींची माहिती घ्यायची आणि ती मांडायची. छोट्या गावात संस्था लागत नाही, एका गल्लीतली चार माणसं पुरतात.

प्रश्न : आमच्याकडे चौथ्या दिवशी पाणी येतं, पाऊण तास. आणि नगरपरिषदेच्या अहवालात माणशी १३५ लिटर लिहिलंय! हे खोटं लिहितात की आमचंच काही चुकतंय? (एक भगिनी, पश्चिम महाराष्ट्र)

ताई, तुमचं काही चुकत नाहीये आणि गंमत म्हणजे आकडा सरळ सरळ खोटा असेलच असंही नाही. तो वेगळ्या जागी उभं राहून मोजलेला आहे.

१३५ लिटर हा त्याच मापदंडातला आकडा. काढतात कसा, तर शुद्धीकरण केंद्रातून शहरात किती पाणी सोडलं त्याला लोकसंख्येने भागायचं. समजा लाखाचं गाव आहे आणि केंद्रातून रोज १ कोटी ३५ लाख लिटर सुटतं, झाले १३५. आता मधे पाईप गळतात, बेकायदा कनेक्शनं असतात, टाकी भरून वाहते. गळती आणि हिशोबात न येणारं पाणी २० टक्क्यांच्या आत ठेवा असं तोच मापदंड सांगतो. पण जुन्या पाईपलाईनच्या गावात समजा ते ४० टक्के असलं तर माणशी उरले ८१, ते पण सरासरी, म्हणजे टाकीजवळच्या आळीला धो धो आणि शेवटच्या टोकाला तुमच्यासारखं.

आता अजून आतली गोष्ट. केंद्रावर मीटर चालू असेल तर निदान सुटलेलं पाणी तरी खरं कळतं. मीटर बंद असेल तर पंपाच्या पाटीवर लिहिलेला डिस्चार्ज, म्हणजे तासाला किती पाणी फेकतो तो आकडा, गुणिले पंप चालल्याचे तास असा हिशोब होतो. पंप पंधरा वर्षांचा, इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं चाक, झिजलेला, पण पाटीवरचा आकडा काही झिजत नाही ना. आणि तास कुठून येतात, तर लॉगबुकातून. ते लॉगबुक मी जवळून बघितलंय. एका पंपहाऊसवर (गावाचं नाव नको) सकाळी तपासणीला गेलो तर रात्रीचे सगळे रकाने एकाच पेनाने, एकाच अक्षरात, दर तासाला तोच प्रेशर, तोच अँपिअर. रात्री दोन तास लाईट गेली होती हे मला माझ्या घरच्या पंख्यामुळे माहीत होतं. लॉगबुकात लाईट गेलेलीच नव्हती! ऑपरेटर एकटा होता, सलग दुसरी ड्युटी करत होता, मी त्याला बोललो पण आणि खाली सही पण केली. ती सही मला आजही टोचते, कारण त्याच पानावरून वर्षाचा आकडा तयार होतो.

म्हणून मापदंड ठरवताना एक फार शहाणपणाची सोय केली होती, जी कोणी वाचतच नाही. प्रत्येक आकड्यासमोर विश्वासार्हतेची श्रेणी लिहायची, ए, बी, सी नाहीतर डी. ए म्हणजे मोजून घेतलेला, डी म्हणजे अंदाजाने टाकलेला. तुमच्या अहवालात १३५ च्या पुढच्या रकान्यात काय अक्षर आहे ते आधी बघा. डी असेल तर त्या १३५ वर भांडत बसू नका, मीटर कधी बसवणार ते विचारा.

आणि तुमचा स्वतःचा आकडा काढा, सोपं आहे. पाणी आलं की २० लिटरची बादली लावा आणि मोबाईलवर वेळ बघा. समजा दोन मिनिटांत भरली, म्हणजे मिनिटाला १० लिटर, पाऊण तासात ४५० लिटर. हे चार दिवस पुरवायचं, घरात पाच माणसं, म्हणजे माणशी दिवसाला साडेबावीस लिटर. आपण कालनिर्णयच्या चौकोनात दूध किती घेतलं ते लिहितो ना, तसंच पाणी किती वाजता आलं, किती वाजता गेलं ते लिहायचं. आळीतल्या दहा घरांनी तीन महिने लिहिलं आणि ती पानं झेरॉक्स काढून मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवली तर त्याला उत्तर द्यावंच लागतं, कारण तसली नोंद त्यांच्याकडे स्वतःकडेच नसते. पाणी कधी आलं हे बायकांना जितकं नेमकं माहीत असतं तितकं कुठल्याच जेईला, म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरला, नसतं, हे मी नोकरीत असताना पण म्हणायचो.

प्रश्न : आमच्या ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड मिळालंय, फ्लेक्स पण लागला. मग पाणी उकळायची गरज नाही ना? (एक वाचक, विदर्भ)

गरज आहे. गैरसमज करून घेऊ नका. ही कार्डं वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, गावातल्या पाण्याच्या स्रोतांची आणि व्यवस्थेची पाहणी करून देतात. विहिरीभोवती घाण आहे का, पाईप गळतोय का, पाण्यात टाकायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, शिल्लक आहे का, असं सगळं बघून लाल, पिवळं किंवा हिरवं. ओळीने पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. चांगली पद्धत आहे, गावाला लगेच कळते. पण ते पाहणीच्या दिवसाचं कार्ड आहे, आज सकाळच्या पाण्याचं नाही.

आजच्या पाण्याचं काय ते जलसुरक्षक, म्हणजे गावात पाण्याची तपासणी बघणारा माणूस, सांगू शकतो. त्याच्याकडे ओटी टेस्टची छोटी बाटली असते, पाण्यात थेंब टाकले की पाणी पिवळं झालं पाहिजे. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन शिल्लक आहे. पण टेस्ट टाकीखालच्या नळाला करून उपयोग नाही, तिथे पिवळं होणारच. शेवटच्या घरच्या नळाला करायची, तिथे ०.२ पीपीएम तरी मिळायला हवं. आणि टीसीएलचं पोतं कधीचं आहे ते पण विचारा, उघडं पडून राहिलं की त्यातला क्लोरीन उडून जातो, २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर म्हणजे नुसता चुनाच. पुढच्या ग्रामसभेत ओटी रजिस्टर वाचून दाखवा असं म्हणा, एवढंच.

प्रश्न : स्वच्छ सर्वेक्षण आलं की घंटागाडीवाले सांगतात फीडबॅक चांगला द्या, गावाचा नंबर येईल. द्यावा का? (एक वाचक, खानदेश)

जे दिसतं ते द्या. सर्वेक्षण २०१६ ला ७३ शहरांपासून सुरू झालं, आता देशभरातली छोटी मोठी हजारो शहरं त्यात आहेत आणि आपल्या छोट्या गावांनी त्यात खरंच नाव काढलंय, २०२० ला लाखाच्या आतल्या शहरांत कराड, सासवड, लोणावळा असे पहिले तिन्ही महाराष्ट्रातले होते. तुमचा खोटा फीडबॅक म्हणजे जिथे गाडी रोज येते त्या गावावर अन्याय. घरावर क्यूआर कोड लावला असेल तर गाडी आली त्याच दिवशी तो स्कॅन होतो का, एवढं लक्ष ठेवा.

प्रश्न : हे रजिस्टर, लॉगबुक वगैरे सामान्य माणसाला कोण दाखवणार? आरटीआय टाकला की महिना जातो आणि वर नगरसेवकाचा फोन येतो. (एक वाचक, कोकण)

फोनचं समजू शकतो, छोट्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. एकट्याने अर्ज करू नका, चारपाच जणांनी वेगवेगळ्या विषयाचे करा, म्हणजे कोणा एकावर डूख राहत नाही.

पण आधी दोन सोपे रस्ते आहेत. पहिला, लोकसेवा हक्क कायदा, २०१५ चा. जन्माचा दाखला, नवीन नळजोडणी अशा ज्या सेवा अधिसूचित आहेत त्यांची मुदत, कोण देणार आणि अपील कोणाकडे ह्याचा बोर्ड कार्यालयात लावलेला असला पाहिजे. मुदत टळली की ३० दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. विनाकारण उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड आहे. नाली तुंबण्याला हा लागू पडत नाही, दाखल्यांना आणि परवानग्यांना पडतो, तेवढा फरक लक्षात ठेवा. ह्याच्यात चांगलं काय, तर तारीख पोचपावतीवर असते आणि पोचपावती तुमच्या हातात असते. म्हणून पोचपावतीशिवाय अर्ज देऊच नका, 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तरी.

दुसरा रस्ता बऱ्याच जणांना माहीतच नाही. २०१८ ला शासनाने ठरवलं की जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत आणि महापालिका, नगरपरिषदांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना रेकॉर्ड बघायला द्यायचं. पुणे महापालिकेत तर हे त्याच्या बऱ्याच आधीपासून चालू होतं. गेल्यावर काय मागायचं ते नक्की ठरवून जा, नाहीतर 'कुठलं रेकॉर्ड हवंय' ह्यातच दोन तास जातात. पाण्यासाठी मागा पंपाचं लॉगबुक आणि त्याच महिन्याचं वीज बिल. पंप २० तास चालला असं लॉगबुक म्हणत असेल आणि युनिट तेवढे नसतील तर ते तुम्हाला तिथल्या तिथे दिसेल, त्याला इंजिनिअर असावं लागत नाही. कचऱ्यासाठी मागा घंटागाडीचं डिझेल रजिस्टर आणि डेपोवरच्या वजनकाट्याच्या पावत्या. तक्रारींसाठी तक्रार रजिस्टर आणि त्यातला 'केलेली कार्यवाही' हा रकाना. तिथला क्लार्क पण त्याच गावचं पाणी पितो, नीट बोललात तर बहुतेक वेळा तो स्वतःच सांगतो की साहेब, हे पान बघा.

दोन तासच असतात, त्यामुळे अख्ख्या वर्षाचं मागू नका. एकाच महिन्याचं मागा, आणि पाण्याचं बघायचं असेल तर मे महिन्याचं.