सौर संचाच्या कर्जाआधी ती ‘एफडी’ उघडून पाहा

प्रश्न : मी ५९ वर्षांचा असून ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. पुढच्या वर्षी निवृत्त होईन. मुरबाड तालुक्यात आमचे कौलारू घर आहे. तिथे शनिवार-रविवारी जातो आणि महिन्याला सुमारे ९० युनिट वीज लागते. कौलांवर पॅनेल नको म्हणून अंगणात जमिनीवर ५ किलोवॉटचा संच बसवण्याचे ४,२५,००० रुपयांचे कोटेशन घेतले आहे. उरलेल्या विजेचे महिन्याला ५,००० रुपये मिळतील, असे विक्रेता सांगतो. आत्ता कर्ज काढून, तीन वर्षे १-१ लाख भरलेली बँकेची ‘विम्याची एफडी’ मार्चमध्ये मोडून ते फेडावे का?

उत्तर : आपण सोबत पाठवलेली कागदपत्रे मी दोनदा वाचली. आपल्याकडे एफडी नाही. ती १५ वर्षांची बचत विमा पॉलिसी आहे. सात वर्षे दरवर्षी १ लाख भरायचे आणि पंधराव्या वर्षाअखेर १२ लाख मिळायचे, असा तो करार आहे. तीन हप्त्यांनंतरचे हमीचे सरेंडर मूल्य (पॉलिसी मध्येच मोडल्यास मिळणारी रक्कम) तिसऱ्या पानावरच्या तक्त्यात १,०५,००० रुपये, म्हणजे भरलेल्या रकमेच्या ३५ टक्के छापले आहे. ज्या ३ लाखांवर आपण कर्जफेडीची भिस्त ठेवली आहे, ते मार्चमध्ये हाती येणारच नाहीत.

‘सात लाखांचे बारा लाख’ हे ऐकायला भरघोस वाटते. परंतु प्रत्येक हप्ता सरासरी बारा वर्षे अडकतो, हे लक्षात घेतले की वार्षिक परतावा साडेचार टक्क्यांच्या आसपास येतो. शिवाय पॉलिसी विकताना ज्याचा पगार चार वर्षांत थांबणार होता, त्याच्या गळ्यात सात वर्षांचे हप्ते घालणे आणि त्याला ‘एफडी’ म्हणणे ही सरळ फसवणूक आहे. पॉलिसी परत करण्याची फ्री-लूक मुदत केव्हाच संपली आहे. तरीही बँक आणि विमा कंपनी या दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना लेखी तक्रार द्या, पोच घ्या आणि दाद न मिळाल्यास विमा लोकपालांकडे जा.

मात्र तक्रारीच्या निकालावर विसंबून राहू नका आणि रागाच्या भरात पॉलिसी मोडूही नका. हप्ते थांबवून ती ‘पेड-अप’ केली, तर आपल्या करारानुसार मुदतीअखेरची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात, म्हणजे सात भागांतले तीन, साधारण ५ लाख राहते. आज मिळणाऱ्या १,०५,००० रुपयांचे बारा वर्षांत ५ लाख करायचे तर वर्षाला सुमारे १४ टक्के परतावा लागेल, आणि तसा हमीचा मार्ग मला माहीत नाही. उलट उरलेले चार हप्ते भरले, तर त्या ४ लाखांवर जेमतेम ५ टक्के सुटतात. ही रक्कम साठीनंतर ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवल्यास सध्या ८.२ टक्के मिळतात. ते व्याज करपात्र आहे हे धरूनही ती योजनाच सरस ठरते.

आता सौर संच. ५ किलोवॉटमधून वर्षाला सुमारे ७,००० युनिट निर्माण होतील आणि आपला वापर ११०० युनिटांचा आहे. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे महावितरणला दिलेली वीज आपल्या वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, शिल्लक युनिटे ३१ मार्चपर्यंत पुढे ओढली जातात. त्यानंतर महावितरण ती घेते, पण घरगुती दराने नव्हे. मी तो दर तीन रुपयेच धरतो. त्याचे १८,००० आणि वाचलेल्या बिलाचे ६,५०० मिळून वर्षाला २४,५०० रुपये, म्हणजे महिन्याला सुमारे २,००० होतात. पंतप्रधान सूर्यघर योजनेचे ७८,००० रुपयांचे अनुदान पूर्ण मिळाले असे मानले, तरी उरलेल्या ३,४७,००० रुपयांवर ७ टक्क्यांनी पहिल्या वर्षाचे व्याजच २४,००० होते. मग मुद्दल कशातून फेडणार? त्यातच ही योजना मुळात छतावरील संचांची आहे, त्यामुळे जमिनीवरच्या संचाचे अनुदान मंजुरीच्या कागदावर दिसेपर्यंत हिशेबात धरू नये.

आपल्या नकाशात पॅनेलच्या दक्षिणेला २० फुटांवर ३० फुटी आंबा आहे. डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारीही त्याची सावली २७ फूट उत्तरेकडे पडेल, आणि एका पॅनेलवर सावली आली तरी त्याच्याबरोबर जोडलेल्या पॅनेलांची निर्मिती घटते. कोटेशनमध्ये मात्र काँक्रीटचा पाया, गवताच्या वर राहील एवढी सांगाड्याची उंची, जमिनीखालची केबल आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणारा वीजरोधक या सगळ्यांसाठी मिळून ‘स्ट्रक्चर समाविष्ट’ एवढेच लिहिले आहे. बॅटरी नसलेला असा संच गावातली वीज गेली की स्वतःही बंद पडतो, हेही आपल्याला कोणी सांगितलेले दिसत नाही.

निवृत्तीनंतर आपण मुरबाडला कायमचे राहायला गेलात आणि वापर महिन्याला २४० युनिटांवर पोहोचला, तर आंब्यापासून दूर २ किलोवॉटचा संच स्वतःच्या पैशातून जरूर बसवा. आज या कोटेशनवर सही करू नका. विमा कंपनीकडून पेड-अप रकमेचे लेखी पत्र मागवा आणि ते हाती येताच मार्चचा हप्ता खात्यातून कापणारा ऑटो-डेबिट बँकेत अर्ज देऊन बंद करा.